खुबा बदलण्याआधीचा अर्धा तास

‘‘डॉक्टर, बॉल बदललाय, आता म्हशीची धार काढाय जमंल न्हवं?’’

कोल्हापुरातल्या सरकारी असो वा खासगी, कोणत्याही अस्थिरोग विभागात हा प्रश्न या ना त्या शब्दांत कानावर पडतो. कुणाला उकिडवे बसून धार काढायची असते, कुणाला भाताच्या रोपलावणीला वाकायचे असते, कुणाला पंगतीत मांडी घालून जेवायचे असते, तर कुणाला नमाजासाठी गुडघे टेकायचे असतात. प्रश्न रास्त आहे. अडचण एवढीच, की तो बहुतेक वेळा ऑपरेशन झाल्यानंतर विचारला जातो. टाके काढून झालेले असतात, एक्स-रे उत्तम आलेला असतो, डॉक्टर समाधानी असतात आणि समोरचा रुग्ण मात्र हिरमुसलेला असतो. ‘‘हे आधी कुणी सांगितलंच न्हाई,’’ असे तो म्हणतो, आणि पुष्कळदा ते खरे असते.

खुब्याचे सांधेरोपण हे आधुनिक वैद्यकातल्या सर्वांत यशस्वी ऑपरेशनांपैकी एक आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २००७ मध्ये त्याला शतकातले ऑपरेशन म्हटले होते. तरीही प्रत्येक रुग्ण समाधानी होतोच असे नाही. याचे एक मोठे कारण ऑपरेशनच्या टेबलावर सापडत नाही. जो संवाद आधी व्हायला हवा होता तो झालेला नसतो, हे ते कारण. रुग्ण आणि त्याच्या घरच्यांशी शांतपणे बोललेला अर्धा तास हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे. तो डॉक्टरच्या सवडीवर आणि स्वभावावर सोडून चालणार नाही.

दुखणे खुब्याचेच आहे का?

खुबा म्हणजे वाटी आणि बॉल यांचा सांधा. कमरेच्या हाडात खोलगट वाटी असते आणि मांडीच्या हाडाचा गोल माथा तिच्यात फिरतो. दोन्हींवर गुळगुळीत कूर्चेचे आवरण असते. ते झिजले किंवा बॉलचा आकार बिघडला, की हाडावर हाड घासते.

लोक ‘कंबर दुखते’ म्हणून येतात तेव्हा हात बहुधा पाठीकडे जातो. खुब्याचे दुखणे मात्र बहुतेक वेळा जांघेत जाणवते, मांडीच्या पुढच्या बाजूने उतरते आणि कधी फक्त गुडघ्यातच दुखते. मांडी घालता न येणे, पायाची नखे कापता न येणे, चप्पल-बूट घालताना त्रास होणे या खुणा खुब्याकडे बोट दाखवतात. पाठीतून निघून पोटरीपर्यंत जाणारी कळ बऱ्याचदा मणक्याची असते. निदान चुकले, तर उत्तम बसवलेला सांधाही ते दुखणे थांबवू शकत नाही.

पाश्चात्त्य देशांत या ऑपरेशनचे मुख्य कारण वयोमानाने होणारी झीज हे आहे. आपल्याकडे तिशी-चाळिशीतले रुग्णही मोठ्या संख्येने दिसतात. त्यांच्या बॉलचा रक्तपुरवठा तुटतो, हाड मृत होते आणि माथा ढासळतो. जास्त काळ किंवा जास्त मात्रेत घेतलेले स्टिरॉइड, दारू, जुनी इजा, सिकलसेल ही त्याची प्रमुख कारणे. कोविडच्या साथीत प्राण वाचवण्यासाठी स्टिरॉइड द्यावे लागले. त्यानंतर २०२१ मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी अशा काही तरुण रुग्णांची माहिती वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली होती. डॉक्टरांनी गरजेपुरते दिलेले स्टिरॉइड जीव वाचवते, मात्र सांधेदुखीवर ‘रामबाण’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले असू शकते, हे लक्षात ठेवावे. हा आजार साध्या एक्स-रेमध्ये सुरुवातीला दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतो. लवकर कळला तर काही रुग्णांचा मूळ सांधा वाचवता येतो किंवा ऑपरेशन बरेच पुढे ढकलता येते.

खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धांची गोष्ट वेगळी. न्हाणीघरात पाय घसरून आजी पडतात, पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसतो. अशा वेळी ‘‘या वयात कशाला ऑपरेशन’’ हे वाक्य मायेपोटी येते, पण ते महागात पडते. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाला पाठीला जखमा, न्यूमोनिया, रक्ताच्या गाठी यांचा धोका दिवसागणिक वाढतो. तब्येत साथ देत असेल, तर एक-दोन दिवसांत ऑपरेशन करून रुग्णाला उभे करणे हाच सुरक्षित मार्ग असतो. झिजलेल्या खुब्यासाठी मात्र घाई नसते. काठी, वजन कमी करणे, व्यायाम, मूत्रपिंड सांभाळून दिलेली वेदनाशामक औषधे हे सगळे करूनही रात्रीची झोप मोडत असेल, चालणे घरापुरते उरले असेल, तरच सांधा बदलण्याचा विचार करावा. एक्स-रे किती वाईट दिसतो यापेक्षा माणसाचे रोजचे जगणे किती अडले आहे, हे पाहून निर्णय घ्यायचा असतो.

काय मिळते आणि काय नाही

आजच्या खुबारोपणाचा पाया ब्रिटिश सर्जन जॉन चार्नली यांनी १९६२ मध्ये इंग्लंडमधील रायटिंग्टन रुग्णालयात घातला. धातूचा लहान बॉल आणि प्लास्टिकच्या जातीच्या पॉलिइथिलिनची वाटी, अशी ती जोडी होती. आता पॉलिइथिलिन अधिक टिकाऊ झाले आहे, सिरॅमिकचे बॉल आले आहेत, सिमेंटने बसवायचे आणि हाड धरून ठेवणारे असे दोन्ही प्रकार मिळतात. तत्त्व मात्र तेच राहिले आहे.

रुग्णाला सर्वांत खात्रीने मिळते ते म्हणजे दुखण्यापासून सुटका. जांघेतली ती जुनी कळ अनेकांना ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही दिवसांतच गेल्यासारखी वाटते. उरते ते जखमेचे दुखणे, आणि तेही आठवड्यागणिक कमी होते. दुसरी मिळणारी गोष्ट म्हणजे चालणे. रंकाळ्यावरचा फेरफटका, बाजारहाट, एसटीचा प्रवास, अंबाबाईचे दर्शन हे सगळे पुन्हा जमू लागते. तब्येत आणि स्नायूंची ताकद असेल, तर पुढे जोतिबाच्या पायऱ्याही चढता येतात.

खाली बसण्याबद्दल मात्र अशी हमी देता येत नाही. पाश्चात्त्य पुस्तकांत ‘खुर्चीवरून उठता येणे’ हे यशाचे माप असते. आपले आयुष्य जमिनीशी जोडलेले आहे. मांडी घालणे काही रुग्णांना काही महिन्यांनी जमते, काहींना जमत नाही. सांधा कोणत्या बाजूने उघडला, बॉल किती मोठा बसला, स्नायू किती आखडलेले होते, यावर ते ठरते. उकिडवे बसण्याचा ताण सांध्यावर त्याहून जास्त येतो. म्हणून पहिले तीन महिने तर नाहीच, आणि नंतरही आपल्या सर्जनने तपासून सांगितल्याशिवाय ते करू नये. धार काढण्याचे काम घरातल्या दुसऱ्या कुणी तरी उचलावे लागेल, हे ऑपरेशनआधी ठरले तर त्यात दुःख नसते. ते नंतर कळले, तर फसवणूक वाटते.

सांधा किती वर्षे टिकेल, हा दुसरा प्रश्न. ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडमधील राष्ट्रीय नोंदींवर आधारलेल्या, २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार १५ वर्षांनी सुमारे ८९ टक्के, तर २५ वर्षांनी सुमारे ५८ टक्के कृत्रिम खुबे जागेवर होते. हे आकडे जुन्या काळात बसवलेल्या सांध्यांचे आहेत, नव्या सांध्यांकडून त्याहून बरी अपेक्षा आहे. तरीही पस्तिशीच्या रुग्णाला ‘‘आयुष्यभराची चिंता मिटली’’ असे सांगणे प्रामाणिक नाही. त्याला पुढे दुसरे ऑपरेशन लागू शकते, आणि दुसरे ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड असते.

घराची तयारी आधी

ऑपरेशन साधारण एक ते दोन तासांचे असते. बहुतेकांना पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालची भूल देतात. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभे करतात. ‘‘एवढ्या लवकर कशाला उठवता?’’ म्हणून नातेवाईक अनेकदा रागावतात. पण लवकर उठणे हेच औषध आहे. त्याने रक्ताच्या गाठींचा धोका कमी होतो, फुप्फुसे मोकळी राहतात आणि भीती जाते. सगळे सुरळीत असेल तर तीन ते पाच दिवसांत घरी सोडतात, साधारण दोन आठवड्यांनी टाके निघतात. गाठी होऊ नयेत म्हणून रक्त पातळ ठेवणारे औषध काही आठवडे घ्यावे लागते. बरे वाटते म्हणून ते मध्येच बंद करू नये.

खरी परीक्षा घरी सुरू होते. म्हणून घर आधी तयार असले पाहिजे. झोपायला गुडघ्यापेक्षा थोडा उंच पलंग आणि हात टेकता येतील अशी उंच, घट्ट खुर्ची हवी. भारतीय पद्धतीचा संडास असेल, तर त्यावर ठेवायची कमोडची खुर्ची ऑपरेशनच्या आधीच आणून ठेवावी. न्हाणीघरात घसरणार नाही अशी चटई आणि भिंतीला धरायला दांडी हवी. वाटेतली पायपुसणी, वायरी, उंबऱ्यापाशी झोपणारे मांजर यांची व्यवस्था करावी. माडीवर झोपण्याची सवय असेल, तर काही आठवडे बिछाना खाली आणावा. ही यादी ऐकायला क्षुल्लक वाटते, पण रात्री दोन वाजता लघवीला उठलेल्या माणसाला तीच वाचवते.

पहिले सहा ते बारा आठवडे सांधा निखळू नये म्हणून काही पथ्ये असतात. खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकवायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाय आत वळवायचा नाही, कुशीवर झोपताना दोन्ही पायांमध्ये उशी ठेवायची. पडलेली वस्तू उचलायला खाली वाकायचे नाही, ती दुसऱ्याला उचलू द्यायची. सांधा कोणत्या बाजूने उघडला त्याप्रमाणे ही पथ्ये बदलतात, काही सर्जन ती सैलही ठेवतात. त्यामुळे शेजारच्या काकूंना काय सांगितले होते ते न पाहता, आपल्या सर्जनने आपल्याला काय सांगितले तेच पाळावे. पायऱ्यांचा नियम सोपा आहे: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी.

वॉकरवरून काठीवर यायला साधारण तीन ते सहा आठवडे लागतात. घरातली हलकी कामे सहा आठवड्यांच्या सुमारास सुरू होतात. मोटार चालवण्याचा विचारही साधारण तेव्हाच करावा, दुचाकी त्यानंतर आणि डॉक्टरांना विचारूनच. शेतातले कष्टाचे काम काही महिने नाही. ताकद पूर्ण भरून यायला सहा महिने ते वर्ष लागते. ऊसतोडणीच्या हंगामावर किंवा घरातल्या लग्नावर डोळा ठेवून तारीख ठरवणाऱ्यांनी हा हिशेब आधी मांडावा. फिजिओथेरपी म्हणजे मालिश नव्हे, हेही सांगावे लागते. रुग्णाने स्वतः दिवसातून तीन-चार वेळा करायचे ते व्यायाम आहेत. जखमेवर तेल लावणे, चोळणे, शेकणे पूर्ण टाळावे.

धोकेही सांगायला हवेत

धोके सांगितले तर रुग्ण घाबरेल, म्हणून ते दडवण्याची पद्धत जुनी आहे. सहीच्या कागदावर ते छापलेले असतात, बोलले जात नाहीत. जंतुसंसर्ग, सांधा निखळणे, पायाच्या शिरेत गाठ होणे, दोन पायांच्या लांबीत थोडा फरक पडणे, क्वचित मज्जातंतूला इजा होणे हे त्यातले मुख्य. पहिल्या ऑपरेशनात जंतुसंसर्गाचे प्रमाण चांगल्या केंद्रांत शंभरात एकाच्या आसपास असते. प्रमाण कमी असले, तरी ज्याला तो होतो त्याची काही वर्षे त्यात जातात.

यातले पुष्कळ काही रुग्णाच्या हाती असते. मधुमेह आटोक्यात आणल्याशिवाय ऑपरेशनची घाई करू नये. किडलेले दात, लघवीतला जंतुसंसर्ग, पायाच्या बोटांमधल्या चिखल्या यांवर आधी उपचार व्हावेत. धूम्रपानाने जखम भरायला वेळ लागतो, म्हणून विडी-सिगारेट काही आठवडे आधी सोडावी. तंबाखू आणि मिश्रीही त्याच वेळी सुटली, तर उत्तम. जखमेतून पाणी किंवा पू येणे, ताप, कमी होत आलेले दुखणे पुन्हा वाढणे, पोटरी सुजून दुखणे, अचानक धाप लागणे किंवा छातीत दुखणे, पाय एकाएकी आखूड होऊन उभे न राहता येणे, यांपैकी काहीही झाले तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. आणि पुढे कुठेही, कोणत्याही डॉक्टरकडे गेले, तरी आपल्या शरीरात कृत्रिम सांधा आहे हे सांगावे.

आत कोणता सांधा आहे?

या संवादाचा आणखी एक भाग आहे आणि तो जवळजवळ नेहमीच राहून जातो. सांधा कोणत्या कंपनीचा, कोणत्या प्रकारचा, कोणत्या क्रमांकाचा? प्रत्येक सांध्याच्या खोक्यात ही माहिती असलेली चिकटपट्टी येते. तिची एक प्रत रुग्णाच्या हातात असलीच पाहिजे. ती का, हे भारताने किंमत मोजून शिकले आहे.

जॉन्सन अँड जॉन्सन समूहातील डेप्यू कंपनीचा ‘एएसआर’ नावाचा खुबा धातूवर धातू घासणारा होता. त्यातून कोबाल्ट आणि क्रोमियमचे कण रक्तात आणि आजूबाजूच्या मांसात उतरू लागले. ऑस्ट्रेलियाच्या सांधे-नोंदणीत हा सांधा लवकर निकामी होत असल्याचे दिसले आणि ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने तो जगभरातून मागे घेतला. तोवर भारतात सुमारे ४,७०० ऑपरेशनांत तो वापरला गेला होता. मुंबईतल्या रुग्णांनीही या प्रश्नासाठी दीर्घ लढा दिला. केंद्र सरकारने डॉ. अरुण अग्रवाल यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने २०१८ मध्ये अहवाल दिला, बाधित रुग्णांना किमान २० लाख रुपये भरपाईची शिफारस केली. त्याच वर्षी नुकसानीच्या प्रमाणात ३० लाखांपासून १ कोटी २३ लाखांपर्यंतचे सूत्रही ठरले.

पण भरपाई द्यायची कुणाला? साडेतीन हजारांहून अधिक रुग्णांचा पत्ताच लागत नव्हता. आपल्या शरीरात कोणता सांधा आहे हे त्यांच्यापैकी अनेकांना ठाऊक असण्याची शक्यता कमी. एक चिकटपट्टी जपून ठेवलेली असती, तर ती व्यक्ती स्वतःहून पुढे येऊ शकली असती. स्वीडनमध्ये खुब्यांची राष्ट्रीय नोंद १९७९ पासून होते. आपल्याकडे तज्ज्ञांच्या संघटनेची नोंदवही आहे, पण ती ऐच्छिक आहे. ती सक्तीची होईल तेव्हा होवो, रेशन कार्डाशेजारी ती चिकटपट्टी ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही.

अर्धा तास आणायचा कुठून?

सरकारी रुग्णालयातला डॉक्टर यावर म्हणेल, बाहेर शंभर माणसे रांगेत आहेत, अर्धा तास कुठून आणू? प्रश्न खोटा नाही. सीपीआरसारख्या रुग्णालयात फक्त कोल्हापूर जिल्ह्यातूनच नव्हे, तर कोकणातून आणि सीमाभागातूनही रुग्ण येतात. पण हा अर्धा तास प्रत्येक रुग्णासाठी वेगळा काढण्याची गरज नाही. आठवड्यातून एक दिवस, ऑपरेशन ठरलेले आठ-दहा रुग्ण आणि प्रत्येकासोबत घरातले एक माणूस, यांना एकत्र बसवता येईल. फिजिओथेरपिस्ट वॉकर आणि पायऱ्या दाखवील, परिचारिका जखम, औषधे आणि कमोडची खुर्ची समजावील, डॉक्टर शेवटची दहा मिनिटे प्रश्नांना देतील. महिन्यापूर्वी ऑपरेशन झालेला एखादा रुग्ण काठी टेकत तिथे आला आणि चार शब्द बोलला, तर त्याचे कुणीही अधिक मनापासून ऐकेल. मराठीत, मोठ्या अक्षरांत आणि चित्रांसह एक पान हातात द्यावे. याला ना नवी इमारत लागते, ना नवे यंत्र.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत खुबा आणि गुडघा बदलण्याच्या ऑपरेशनांचा समावेश झाल्यापासून एरवी पैशाअभावी लंगडत राहिले असते असे रुग्णही पुढे येत आहेत. कागदपत्रे, पात्रता आणि कोणत्या रुग्णालयात सोय आहे, हे तिथल्या आरोग्यमित्राकडून आधी समजून घ्यावे. सरकार ऑपरेशनचा खर्च उचलते तेव्हा, ते ज्याच्यासाठी केले त्याला पुढचे तीन महिने कसे काढायचे हे शिकवणेही त्या खर्चातच धरले पाहिजे. खासगी रुग्णालयांनाही यातून सूट नाही. तिथे सांध्याच्या ‘आयात’ असण्याची जाहिरात होते, पण मांडी घालता येईल का याचे उत्तर तिथेही पुष्कळदा मिळत नाही.

रुग्णांनीही संकोच सोडावा. ‘‘डॉक्टरांना कसं विचारायचं?’’ या भिडेपायी जे प्रश्न पोटात राहतात, तेच पुढे तक्रार होऊन बाहेर येतात. माझे दुखणे खुब्याचेच आहे का, अजून थांबता येईल का, मला पुन्हा कोणते काम जमेल आणि कोणते नाही, घरात काय बदल करू, सांध्याची चिकटपट्टी मिळेल का, हे पाच प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. उत्तर देणाऱ्या डॉक्टरचा त्यात अपमान नाही.

धार काढण्याविषयी विचारणाऱ्या आजींना उत्तर देणे अवघड नाही. ‘‘आजी, चालायला येईल, झोप लागेल, देवळात जाता येईल. धार मात्र सूनबाईला नाही तर नातवाला काढू दे.’’ हे ऑपरेशनआधी सांगितले, तर आजी थोडा विचार करतील, घरी बोलतील आणि बहुधा ‘‘चालंल की’’ म्हणून सही करतील.